दर पंधरा मिनिटांनी मेश्रामताई

माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं गणित शिकायला येतात. कोथरूडमधल्या माझ्या फ्लॅटचा हॉल हाच माझा वर्ग, त्यामुळे दहा-बाराच्या वर मुलं घेत नाही. फळा इतर ठिकाणांपेक्षा दोन फूट खाली लावलेला आहे. नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात एक प्रकार हमखास होतो. मी एखादं उदाहरण सोडवत असते आणि मध्येच, वाक्य न तोडता, दोन्ही हात व्हीलचेअरच्या दांड्यांवर टेकवून स्वतःला सीटवरून वर उचलते. अर्धा मिनिट तशीच अधांतरी राहते आणि पुन्हा खाली बसते. उदाहरण चालूच असतं. मुलं आधी एकमेकांकडे बघतात, मग फार मन लावून वहीत बघतात.

परवा एका मुलीने विचारलंच. "मॅम, आर यू ओके? म्हणजे, तुम्ही मधेच अशा वर का होता?"

मी सांगितलं, "तुम्ही एका जागी बसून अवघडलात की चुळबूळ करता. मला कमरेखाली काही कळत नाही, म्हणून अवघडल्याचंही कळत नाही. माझी चुळबूळ मला आठवणीने करावी लागते. नाही केली तर बसून बसून कातडीला जखम होते."

"मॅमच्या आत पंधरा मिनिटांचा अलार्म आहे," जुन्या बॅचमधला एक मुलगा नव्यांना म्हणाला.

"अलार्म नाही, मेश्रामताई आहेत," मी म्हटलं आणि पुढचं उदाहरण घातलं. मेश्रामताई कोण हे त्यांनी विचारलं नाही, कारण उदाहरण अवघड होतं. पण मुलं गेल्यावर मला वाटलं, की या बाईंबद्दल आपण इतक्या वर्षांत चार ओळीही लिहिल्या नाहीत, हे काही बरं नाही.

स्कूटरवरून पडून माझ्या पाठीचा कणा मोडला. ऑपरेशन झालं, कणा जुळला, पाय मात्र परत आले नाहीत. मग मला येरवड्याच्या बाजूला असलेल्या एका छोट्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या आमटीबद्दल मला बरं बोलता येणार नाही. तिथे पहिले आठ-दहा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. कूस बदलायची वेळ आली की सिस्टर मला दुसऱ्या बाजूला वळवत, तेव्हा मी डोळे मिटून घेत असे. त्यामुळे मेश्रामताईंना मी पहिल्यांदा पाहिलं नाही, ऐकलं.

"ह्या मॅडम भिंतीले का शिकवून राहिल्या जी?"

सिस्टर हसल्या. मी हसले नाही. मग चाकांचा आवाज अगदी जवळ आला आणि त्याच आवाजाने विचारलं, "मॅडम, घराची किल्ली कोणापाशी आहे?"

तोवर मला लोकांनी खूप प्रश्न विचारले होते. कसं वाटतंय, जेवलात का, गाडीचा वेग किती होता, हेल्मेट होतं का. किल्लीचं कोणी विचारलं नव्हतं. मी भिंतीलाच सांगितलं, "भावाकडे."

"काहून?"

"काहून म्हणजे? मी इथे पडलेय."

"तुम्ही पडल्या. किल्ली तं नाही पडली न."

आता मात्र मी मान वळवली. पन्नाशीच्या आतबाहेरची, काळीसावळी, काटक बाई व्हीलचेअरमध्ये बसली होती. अंगावर सुती साडी, निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून त्यांना ओळीने सेफ्टी पिना लावलेल्या. दंड मात्र तालमीत जाणाऱ्या माणसाचे असावेत तसे. मी बघते आहे हे बघून त्या काही बोलणार, तोच त्यांनी दोन्ही हात टेकवले आणि त्या खुर्चीतून वर उठल्या. मला वाटलं, ही बाई आता चालणार. पण त्या तशाच हवेत थांबून म्हणाल्या, "मी मेश्राम. उद्या सकाळी येतो. तोंड इकडे करून ठेवा." आणि खाली बसल्या.

माझ्या दादाबद्दल इथे सांगायला हवं, नाहीतर किल्लीचं महत्त्व कळायचं नाही. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. आईवडील गेल्यापासून मी त्याची जबाबदारी आहे असं तो समजतो, आणि मी पन्नास वर्षांची झाले तरी समजेल. मी ऑपरेशन टेबलावर असतानाच त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की मिनू आता आपल्याकडे राहील. सिंहगड रस्त्यावरच्या त्याच्या घरात त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली. रंग मला आवडतो तोच. वहिनीने पडदे शिवले. माझा फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरत होतं. यात वाईट काय होतं? काहीच नाही, आणि हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. मला माझ्या घरी राहायचं होतं, माझा फळा, माझी मुलं आणि संध्याकाळी आतून लावलेली माझ्या दाराची कडी हवी होती. पण स्वतःची कूस बदलता न येणाऱ्या बाईने हे कोणत्या तोंडाने म्हणायचं, म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मेश्रामताईंनी ते एका प्रश्नात ओळखलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मेश्रामताई मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. लग्न होऊन खडकीला आल्या. नवरा तिथल्या फॅक्टरीत, राहायला क्वार्टर. एकदा गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या होत्या, आभाळ आलं म्हणून गोळा करायला गेल्या आणि जिथे कठडा नव्हता तिथून खाली आल्या. ही हकिगत त्या प्रत्येक नव्या पेशंटला सांगत, आणि शेवट ठरलेला असे. "पाठ मोडली. पण मिरच्या सगळ्या वाचल्या. वर्षभर पुरल्या."

केंद्रात त्या आठवड्यातून तीन दिवस येत. त्यांचं पद काय, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. हजेरीपटावर 'समुपदेशक' असं लिहिलेलं होतं. "तो शब्द मले बोलताबी येत नाही," त्या म्हणत. फिजिओथेरपिस्ट आम्हाला व्यायाम शिकवत, डॉक्टर औषधं देत. उरलेलं सगळं, म्हणजे जगण्याचं, मेश्रामताईंकडे होतं. पलंगावरून खुर्चीत फळीवरून सरकत कसं जायचं, बसल्या बसल्या साडी कशी नेसायची, कणिक मळताना खुर्ची मागे पळू नये म्हणून चाकं कुठे अडकवायची. खुर्चीमागच्या पिशवीत त्यांचं सामान असे, एक टॉवेल, एक लहान आरसा, सेफ्टी पिना आणि डब्यात भाजलेले जवस. आरसा सगळ्यात महत्त्वाचा. रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरून आपल्याला न दिसणारी, न कळणारी कातडी तपासायची, कुठे लाल झालीय का ते पाहायचं. नळी घालून लघवी काढायलाही त्यांनीच मला त्या आरशात बघून शिकवलं. पहिल्या दिवशी लाजेने मी आरसा दुसरीकडेच फिरवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, गणित अवघड आहे. हे सोपं आहे. गणितात उत्तर चुकलं तं कळत नाही, इथं लगेच कळते." मी रडता रडता हसले. त्या दिवसापासून माझ्या शरीराची मला किळस वाटेनाशी झाली. कोणी कोणाला याहून मोठं काही देऊ शकत असेल, तर ते मला माहीत नाही.

आणि हे सगळं चालू असताना त्यांचं उठणं. बोलता बोलता, जेवता जेवता, ट्रस्टींच्या मीटिंगमध्येसुद्धा, दर पंधरा मिनिटांनी त्या हात टेकवून वर होत. घड्याळ त्यांनी कधी लावलं नाही. वॉर्डात आम्ही वेळही त्यावरून मोजायला लागलो. "फिजिओ कधी येणार?" असं कोणी विचारलं तर उत्तर मिळे, "ताईंची अजून दोन उठणी."

त्यांचा एक सिद्धान्त होता, आणि तो त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला. "मदत मागाची नाही. मदत सांगाची."

केंद्राच्या कॅन्टीनला पुढून तीन पायऱ्या होत्या. अशा ठिकाणी पायऱ्या, म्हणून एका ट्रस्टींना लाज वाटली आणि त्यांनी रॅम्प बांधायचं ठरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेश्रामताई म्हणाल्या, "रॅम्प बांधा जी, पण मागच्या दारानं. पुढच्या पायऱ्या राहू द्या. मले पुण्यात पायऱ्या नसलेली एक जागा दाखवा, मग ह्याबी तोडू." ट्रस्टींना अशी जागा आठवेना. रॅम्प मागे झाला आणि पायऱ्या हा आमचा वर्ग झाला.

वर्ग असा. पेशंटने पायऱ्यांपाशी जायचं आणि जो कोणी दिसेल त्याला थांबवून आपली खुर्ची वर चढवून घ्यायची. भेटायला आलेले नातेवाईक, औषध कंपनीचा माणूस, सिलिंडरवाला, कोणीही चालेल. त्यांना यातलं काही माहीत नसणार, तेव्हा काय करायचं ते आपणच सांगायचं. माझी पाळी आली तेव्हा समोरून कोणाचे तरी दोन मेहुणे येत होते. मी आमच्या कोथरूडच्या पद्धतीने म्हटलं, "सॉरी हं, जरा त्रास देतेय, थोडी मदत कराल का?" मेहुणे भले होते. दोघे धावले आणि खुर्चीचे हात धरून त्यांनी जोर लावला. खुर्चीचे हात काढता येण्यासारखे असतात. ते निघाले. दोन मेहुणे दोन हात घेऊन पहिल्या पायरीवर उभे आणि मी खाली खुर्चीत. तिघेही एकमेकांना सॉरी म्हणत होतो.

मेश्रामताई बाजूला बसून जवस खात होत्या. म्हणाल्या, "मॅडम, पुण्यात दर भिंतीवर लिवलेलं असते, इथं गाडी लावू नये, बेल एकदाच वाजवावी, दुपारी येऊ नये. मले वाटलं इथल्या माणसाले हुकूम देता येत असन. तुम्हाले तं मेहुणे हाकता येत नाही."

मग त्यांनी करून दाखवलं. "दादा, थांबा. तुम्ही मागं. हँडल नका धरू, खालची फ्रेम धरा. तुम्ही पुढं, इथं, पायाजवळ. आधी मले मागं कलवा. अजून. मी पडत नाही. मी तीन म्हटलं का एक पायरी. आता एक, दोन..." त्या आवाजात ना विनवणी होती ना रुबाब. आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई बोलत तसं साधं बोलणं. तीन पायऱ्या झाल्यावर मेहुण्यांच्या तोंडावर असं समाधान होतं, की त्यांनी पुन्हा एकदा खाली-वर करू का विचारलं.

"पाहा," त्या नंतर मला म्हणाल्या, "'मदत करा' म्हटलं का माणूस घाबरते. घाबरला का जिथं नाही तिथं धरते. काय करू ते सांगितलं तं त्यालेबी बरं वाटते. तुमची गरज तुम्हाले माहीत, त्याले कशी माहीत असन?"

त्यांचा नवरा, मेश्रामकाका, रोज संध्याकाळी ड्यूटी संपली की फाटकाशी येऊन उभे राहत. बोलणं जवळजवळ नाही. ताईंनी काही म्हटलं की "हाव," एवढंच. ताई पडल्या तेव्हा पहिली दोन वर्षं त्यांनी घर एकट्याने चालवलं होतं, ताईंची वेणीसुद्धा घातली. "भांग वाकडा पाडे," ताई सांगत. "मी दोन वर्षं वाकड्या भांगानं फिरली. मग म्हटलं, आता बस झालं, माझं सैपाकघर मले परत दे." तेव्हा काकांनी एका रविवारी ओटा उतरवून ताईंच्या उंचीला बसवला. आता चहा करताना काकांची कंबर धरते. हे सांगताना ताई काकांकडे बघत आणि काका म्हणत, "हाव."

तीन महिन्यांनी मी सुटले. निघायच्या आदल्या दिवशी दादा आला तेव्हा मी मेश्रामताईंना मुद्दाम शेजारी बसवून घेतलं आणि त्याला सांगितलं, की मी माझ्या घरी जाणार. दादाचा चेहरा पडला. खोली, रंग, पडदे, सगळं त्या चेहऱ्यावर दिसत होतं. बराच वाद झाला. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण मिनू, एकदा, फक्त एकदा जरी काही झालं, तरी मग ऐकायचं. मग तू आमच्याकडे." मी कबूल केलं. त्याने किल्ली दिली. दुसरी स्वतःच्या जुडग्यात ठेवली.

मेश्रामताईंचा सगळ्यात कडक नियम होता, "मांडी म्हणजे टेबल नाही." खुर्चीत बसणाऱ्याचे दोन्ही हात चाकांवर असतात, त्यामुळे काहीही न्यायचं झालं की मांडीवर ठेवायचा मोह होतो. पुस्तक, भाजी, कपडे चालतील. गरम काही म्हणजे काही ठेवायचं नाही, कारण भाजलं तरी मांडी सांगणार नाही. त्यासाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी ठेवायची एक पाटी काकांनी मला करून दिली होती. मी घरी आले, मुलं परत आली, रोज स्वयंपाक करू लागले, आणि पाच आठवडे सगळं इतकं नीट चाललं की मला शिंगं फुटली.

त्या रविवारी पाटीवर तपासायचे पेपर पसरलेले होते. मी उपमा केला होता. पेपर कोण उचलणार, म्हणून टॉवेलची घडी मांडीवर घातली, त्यावर कढई ठेवली आणि हॉलमध्ये आले. अंतर किती, तर आठ-दहा पावलं, तीही माझी नव्हेत. मग फोन वाजला. कढई मांडीवरच राहिली. मी बोलले, मग तिथेच चमच्याने उपमा खाल्ला. छान झाला होता. संध्याकाळी कपडे बदलताना पाहिलं, तर उजव्या मांडीवर तळहाताएवढा फोड आणि त्याच्याशेजारी बाहेरच्या बाजूला आणखी एक. दुखत काहीच नव्हतं. मी त्या फोडांकडे बघत बसले आणि मला दादाचं वाक्य ऐकू आलं. फक्त एकदा.

मी काय केलं ते आज लिहितानाही शरम वाटते. मलम लावलं आणि गप्प बसले. बुधवारी दादा पेरू घेऊन आला, तेव्हा मांडीवर शाल घेतली. "थंडी वाजतेय?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

गुरुवारी मेश्रामताईंचा फोन येत असे. पहिला प्रश्न नेहमी तोच. "कातडी कशी आहे?"

"छान आहे," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "मॅडम, कातडी कोणाचीच छान नसते. ठीक असते. मी येतो."

खडकीहून कोथरूडला त्या त्यांच्या बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेल्या स्कूटरवरून आल्या, मागे घडी घातलेली खुर्ची बांधून. आमच्या सोसायटीला लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. मी दुसऱ्या मजल्यावर बसून खालचा आवाज ऐकत होते. "वॉचमनदादा, आधी खुर्ची उघडा. तुम्ही जी, पेपर ठेवा बाजूले, इकडे या. हँडल नका धरू बाप्पा, फ्रेम धरा, फ्रेम!" पेपर बाजूला ठेवणारे म्हणजे पहिल्या मजल्यावरचे सोमणकाका. दहा वर्षांत ते माझ्याशी "हं" यापलीकडे बोलले नव्हते. ते ताईंना थेट माझ्या दारापर्यंत सोडायला आले आणि वर विचारते झाले, "उतरताना कधी येऊ?"

ताईंनी मांडी पाहिली. एक फोड फुटला होता, कडा लाल झाल्या होत्या.

"डॉक्टरले दाखवलं?"

"नाही."

"दादाले सांगितलं?"

"नाही. सांगितलं तर तो किल्ली घेऊन जाईल."

मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. त्यांनी निऱ्यांच्या पिना एकेक करून काढल्या आणि साडी गुडघ्याच्या वर घेतली. तिथे पुरत्या वीतभर लांबीचा जुना, गुळगुळीत डाग होता.

"वरणाचा गंज होता, तुम्ही पातेलं म्हणता तो," त्या म्हणाल्या. "सैपाकघर नुकतंच परत भेटलं होतं. म्हटलं, यांना सांगितलं तं ओटा पुन्हा वर जाईन. पंधरा दिवस लपवलं. मग ताप आला, पडून पडून मागची कातडी फुटली. मग चार महिने पालथी, मॅडम. चार महिने मी फरशी पाहत होती. दवाखान्यातल्या त्या फरशीचे ठिपके अजून पाठ आहे मले." त्यांनी साडी नीट केली. "जळलं ते चुकीनं जळलं. लपवलं ते चुकीनं नाही लपवलं."

मी रडायला लागले. म्हटलं, मला तिकडे जायचं नाही हो. मला इथेच राहायचं आहे.

"तं मग लावा फोन."

"तो नेईल मला."

"नेईन तं नेईन. पण भावाले पाहून शाल घ्याव लागते, ते घर तुमचं कसं जी? लावा. अन् मागू नका. सांगा."

मी फोन लावला. दादाला सगळं सांगितलं, कढई, फोड, शालसुद्धा. मग तो म्हणाला, "मी निघतोय. बॅग भर."

मी ताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी घसा साफ केला.

"दादा, ये. पण बॅग भरायला नाही. गाडी घेऊन ये, मला आत्ता डॉक्टरकडे जायचंय. खाली आलास की वॉचमनला बोलाव, खुर्ची कुठे धरायची ते मी दोघांना सांगेन. मांडीच्या वरच्या बाजूचं ड्रेसिंग मी करीन. बाहेरच्या बाजूचं मला नीट दिसत नाही. जखम भरेपर्यंत एक दिवसाआड तू नाहीतर वहिनी या, सकाळी आठ वाजता. ड्रेसिंग करून जा. राहायचं नाही. आणि मला न्यायचं नाही." माझा आवाज शेवटी चिरकला, पण वाक्य पुरं झालं.

मेश्रामताईंनी हात टेकवले आणि त्या वर उठल्या, कारण त्यांची वेळ झाली होती. त्या तशा अधांतरी असताना दादाचा आवाज आला.

"एक दिवसाआड म्हणजे, उद्यापासून धरायचं की परवापासून?"

ताई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता चहा करा. अन् गंज पाटीवर आणा."

जखम भरायला सहा आठवडे लागले. दादा आठला पाच कमी असताना बेल वाजवायचा. जुडग्यात किल्ली असूनही बेल वाजवायचा, हे माझ्या लक्षात यायला जरा दिवस गेले. शेवटच्या ड्रेसिंगच्या दिवशी त्याने हात धुतले, जुडग्यातली ती किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. "ही राहू दे तुझ्याकडेच," तो खाली बघत म्हणाला. मी ती उचलून परत त्याच्या हातात दिली. "तुझ्याकडे एक असलीच पाहिजे. मी कधी आत पडले, तर फोन करून सांगेन, तेव्हा उघड." तो हसला आणि मग त्याने चष्मा पुसला. सिंहगड रस्त्यावरच्या त्या खोलीत आता त्याची मुलगी अभ्यास करते. रंग तिला आवडत नाही.

मेश्रामकाका रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं आणि दोघांनी गावी जायचं ठरवलं. "इकडं शिकवाले बम लोकं आहे," ताई म्हणाल्या. "तिकडं माणूस झाडावरून पडते अन् खाटेवरच राहते. त्याची किल्ली कुठी आहे, कोणी विचारत नाही." केंद्रातल्या निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना बोलायचा आग्रह झाला. त्या म्हणाल्या, "पायऱ्या तोडू नका," आणि संपलं.

पुणे स्टेशनवर संध्याकाळी मी त्यांना पोचवायला गेले. एकटी गेले. तोवर माझ्याकडेही चार चाकांची स्कूटर आली होती. शेजारपाजारच्या बाया आल्या होत्या, केंद्रातले जुने पाच-सहा जण आपापल्या खुर्च्यांसह आले होते, त्यामुळे प्लॅटफॉर्मवर आमचं एक छोटं गावच झालं होतं. डब्याची पायरी उंच. दोन हमाल, काका आणि एक अनोळखी प्रवासी यांनी ताईंना घेरलं आणि चौघांनी मिळून हँडल धरलं. आम्ही पाच-सहा जण एकदम ओरडलो, "फ्रेम धरा!" ताई इतक्या हसल्या की त्यांना एक-दोन-तीन म्हणता येईना. ते मी म्हटलं.

त्या खिडकीशी जाऊन बसल्या. मी खुर्ची खिडकीपाशी नेली. मला खूप काही बोलायचं होतं. घरी मी ते मनाशी जुळवूनही आले होते, की ताई, तुम्ही नसतात तर मी आजही कोणाच्या तरी प्रेमळ घरातल्या सुंदर रंगाच्या भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. पण ताईंनी मला सुरुवातच करू दिली नाही.

"किल्ली?" ताईंनी गजांतून विचारलं.

मी पर्समधून काढून दाखवली.

"कातडी?"

"ठीक आहे," मी म्हटलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली. शिट्टी झाली. बाया हात हलवू लागल्या, एक-दोघी रडू लागल्या. तेवढ्यात ताई खिडकीत एकदम वर आल्या. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बघा, निरोप द्यायला उठल्या." पण ताईंचे दोन्ही हात खाली सीटवर टेकलेले होते. निरोपासाठी हात मोकळा नव्हताच. त्यांची वेळ झाली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या बघण्यावरून मला कळलं की माझीही झाली आहे. मी किल्ली पर्समध्ये टाकली, दोन्ही हात टेकवले आणि वर उठले. गाडी हलली तेव्हा आम्ही दोघीही बसलेल्या नव्हतो.